खरजेच्या खोलीतून विद्यापीठाच्या व्यासपीठावर
व्हिएन्नाच्या वैद्यकविद्याशाखेत त्वचारोग व गुप्तरोग या विषयांचे अध्यापन कसे उभे राहिले, कसे मोडले आणि पुन्हा कसे सावरले, याचा आढावा

महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शासकीय रुग्णालयात गेल्यास एका दारावर 'त्वचा व गुप्तरोग विभाग' अशी पाटी हमखास दिसते. अंगावर उठलेल्या नायट्यासाठी आलेली गृहिणी आणि कोणालाही न सांगता आलेला तरुण एकाच बाकावर बसलेले असतात. हे दोन विषय एकाच दाराआड का आले, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या रुग्णालयांत, त्यातही ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील विद्यापीठाच्या वैद्यकविद्याशाखेत सापडते. पॅरिस आणि लंडन येथे त्वचारोगांचा अभ्यास त्यापूर्वीच सुरू झाला होता. तथापि या विषयाला शवविच्छेदनशास्त्राचा पाया देऊन तो विद्यापीठीय शिक्षणाचा स्वतंत्र भाग बनविण्याचे श्रेय प्रामुख्याने व्हिएन्नाकडे जाते. उपेक्षित खोलीतून सुरू झालेली ही परंपरा सुमारे नव्वद वर्षे बहरली आणि १९३८ मध्ये काही आठवड्यांत उद्ध्वस्त झाली. ही परंपरा ग्रंथांत किंवा इमारतींत जेवढी होती, त्याहून अधिक शिक्षक आणि शिष्य यांच्या साखळीत होती, हेच तिच्या उदयास्तावरून दिसून येते.

छातीच्या विभागाला जोडलेली खोली

सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये व्हिएन्ना येथे 'आल्गेमाइनेस क्रांकेनहाउस' म्हणजे सार्वजनिक रुग्णालय सुरू केले. गोरगरिबांना उपचार मिळावेत आणि त्याच खाटांजवळ वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिक्षण मिळावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. विद्यापीठाच्या ताब्यातील ज्या विभागात प्राध्यापक रुग्णासमोर उभे राहून शिकवीत, त्यास तेथे 'क्लिनिक' असे म्हणत. आपल्याकडे क्लिनिक म्हणजे डॉक्टरांचा खासगी दवाखाना असा अर्थ रूढ झाला आहे. व्हिएन्नात मात्र तो विद्यापीठाचा जिवंत वर्ग होता.

या वर्गात त्वचारोगांना प्रारंभी स्थान नव्हते. खरूज, इसब, गळवे, जखमा असलेल्या रुग्णांची वेगळ्या खोल्यांत रवानगी होई आणि १८४०च्या दशकाच्या प्रारंभी या खोल्या योसेफ श्कोडा यांच्या छातीच्या विकारांच्या विभागाला जोडलेल्या होत्या. छातीवर बोटांनी ठोकून आणि कानाने ऐकून आतील रोग ओळखण्याचे शास्त्र श्कोडा यांनी पूर्णत्वास नेले होते. खरजेच्या रुग्णांत त्यांना विशेष रस नव्हता. महत्त्वाकांक्षी तरुण डॉक्टरही या खोल्यांकडे फिरकत नसत. त्वचेवर दिसते ते शरीरातील दूषित रसाचे बाहेर पडलेले चिन्ह होय. त्वचेला स्वतःचा असा रोग नसतोच, ही समजूत त्या काळी सर्वत्र दृढ होती. ज्या अवयवाला स्वतःचा रोग नाही, त्याचे स्वतंत्र शास्त्र तरी कसे असणार?

याच खोल्यांचे काम श्कोडा यांनी आपल्या एका तरुण सहायकाकडे सोपविले. त्याचे नाव फर्डिनांड हेब्रा. मोराव्हियातील ब्र्युन (आताचे चेक प्रजासत्ताकातील ब्रनो) येथे १८१६ मध्ये जन्मलेला हा विद्यार्थी १८४१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर होऊन नुकताच बाहेर पडला होता.

खरजेचा किडा आणि स्वतःवरचे प्रयोग

हेब्रा यांच्यासमोर सर्वाधिक रुग्ण होते ते खरजेचे. खरजेच्या रुग्णाच्या कातडीत एक अतिसूक्ष्म किडा असतो, हे इटलीतील जोव्हान्नी कोसिमो बोनोमो यांनी १६८७ मध्येच नोंदविले होते. पुढे १८३४ मध्ये पॅरिसमध्ये मूळ कॉर्सिका बेटावरील रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्याने सुईच्या टोकाने हा किडा बाहेर काढून सर्वांना दाखविला. कॉर्सिकातील गरीब स्त्रिया हे काम घरोघरी करीत असत, तेथे त्याने ते पाहिले होते. असे असूनही अनेक वैद्यांच्या मते किडा हा रोगाचे कारण नसून परिणाम होता. रक्त बिघडले की खरूज होते आणि खरजेत किडा उपजतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. खरूज मलमाने दाबली तर ती 'आत शिरते' आणि दमा, क्षय, वेड असे विकार उत्पन्न करते, ही भीतीही डॉक्टरांच्या मनात घर करून होती. आपल्याकडेही अंगावरचे 'बाहेर पडू द्यावे, दाबू नये' असे सांगणारी वडीलधारी मंडळी आजही भेटतात.

हेब्रा यांनी वादात न पडता प्रयोग केले. त्यांनी किडे स्वतःच्या त्वचेवर सोडले आणि खरूज कशी उत्पन्न होते, तिची बिळे कोठे आढळतात, खाजविल्याने कोणत्या जखमा होतात, याचे क्रमवार निरीक्षण केले. किडा असेल तर खरूज होते, किडा मारला की ती बरी होते. रक्तशुद्धीच्या औषधांची त्यासाठी आवश्यकता नाही आणि बाहेरून लावलेल्या गंधकाच्या मलमाने रोग 'आत' जात नाही, असा निष्कर्ष त्यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केला.

या निष्कर्षाचे महत्त्व खरजेपुरते मर्यादित नव्हते. त्वचेला स्वतःचे रोग असतात, त्यांची कारणे त्वचेतच शोधता येतात आणि उपचारही त्वचेवरच करता येतात, हे त्यातून सिद्ध झाले. त्वचारोगशास्त्र हा शिकविण्याजोगा स्वतंत्र विषय ठरला तो येथून.

बारा वर्गांची मांडणी

विषय शिकवायचा तर त्याची रचना हवी. लंडनमधील रॉबर्ट विलन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्वचेवरील पुरळ, फोड, खपली, गाठ अशा दृश्य रूपांवरून रोगांचे गट पाडले होते. पॅरिसमधील झां-लुई आलिबेर यांनी तर रोगांच्या कुळांचा एक वृक्षच काढला होता. या दोन्ही पद्धतींत अडचण अशी की, एकच रोग आज पुरळ म्हणून दिसतो आणि आठ दिवसांनी खपली म्हणून. विद्यार्थ्याने तो कोणत्या गटात घालावा?

व्हिएन्नात त्या वेळी कार्ल रोकिटान्स्की हे शवविच्छेदनशास्त्राचे प्राध्यापक होते. रुग्ण जिवंत असताना दिसलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर अवयवांत आढळलेले बदल यांचा मेळ घालण्याची शिस्त त्यांनी सर्व विद्याशाखेला लावली होती. हेब्रा यांनी हीच शिस्त त्वचेला लागू केली. त्वचेत नेमका कोणता बदल घडतो, या निकषावर त्यांनी १८४५ मध्ये सर्व त्वचारोगांची बारा वर्गांत मांडणी केली. रक्ताधिक्य, रक्तन्यूनता, स्रावांतील बिघाड, दाहजन्य पाझर, रक्तस्राव, अतिवृद्धी, अपक्षय, साध्या गाठी, मारक गाठी, व्रण, मज्जातंतूंचे विकार आणि परजीवींमुळे होणारे रोग असे हे वर्ग होत. आज ही मांडणी जशीच्या तशी कोणी शिकवीत नाही. परंतु 'काय दिसते' यापलीकडे जाऊन 'आत काय घडते' हे विचारण्याची सवय तिने पुढच्या पिढ्यांना लावली.

१८४९ : दोन क्लिनिक, दोन शिक्षक

युरोपभर उसळलेल्या १८४८च्या क्रांतीनंतर ऑस्ट्रियातील विद्यापीठांची पुनर्रचना झाली आणि वैद्यकविद्याशाखेत नव्या विषयांना वाट मिळाली. त्यानंतर लगेचच, १८४९ मध्ये, दोन विभागांना विद्यापीठीय क्लिनिकाचा दर्जा प्राप्त झाला. एक हेब्रा यांचे त्वचारोग क्लिनिक आणि दुसरे कार्ल लुडविग सिग्मुंड यांचे सिफिलिस क्लिनिक. दोघांनाही प्राध्यापकपद मिळाले. मात्र ते पूर्ण प्राध्यापकाहून एक पायरी खालचे होते. पूर्ण प्राध्यापक होण्यासाठी दोघांनाही १८६९ पर्यंत, म्हणजे आणखी वीस वर्षे, थांबावे लागले. नव्या विषयाला जुन्या विद्याशाखेत मान मिळण्यास किती काळ लागतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

ट्रान्सिल्व्हेनियात १८१० मध्ये जन्मलेले सिग्मुंड यांचे काम अधिक अवघड होते. सिफिलिस म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी किंवा उपदंश म्हणतात तो रोग. परमा आणि उपदंश हे एकाच विषाचे दोन प्रकार आहेत, असा समज अठराव्या शतकात जॉन हंटर यांच्या प्रयोगामुळे पक्का झाला होता. पॅरिसमधील फिलिप रिकॉर यांनी १८३८ मध्ये हे दोन वेगळे रोग असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर उपदंशाचा क्रमवार अभ्यास शक्य झाला. उपचार मात्र शतकानुशतके चालत आलेला पाऱ्याचाच होता. तो बेसुमार दिल्याने दात पडणे, तोंडाला फोड येणे, लाळ गळणे असे हाल रुग्णांच्या वाट्याला येत. सिग्मुंड यांनी पाऱ्याचे राखी मलम अंगाला ठरावीक प्रमाणात, ठरावीक क्रमाने चोळण्याची पद्धत घालून दिली आणि ती नियमबद्ध रीतीने विद्यार्थ्यांना शिकविली.

हे शिक्षण ज्यांच्या शरीरांवर दिले जाई, ते रुग्ण कोण होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. सुखवस्तू माणसे डॉक्टरांना गुपचूप घरी बोलावीत. रुग्णालयात येत ते कारागीर, मोलकरणी, सैनिक आणि वेश्या. मोफत उपचारांच्या बदल्यात त्यांना विद्यार्थ्यांच्या घोळक्यासमोर विवस्त्र उभे राहावे लागे. आज वैद्यकीय शिक्षणात रुग्णाच्या संमतीला जे स्थान आहे, ते त्या काळी नव्हते. या शास्त्राची प्रगती या मूक माणसांच्या ऋणावर उभी आहे.

आधी पाहणे, मग विचारणे

हेब्रा यांच्या वर्गाची कीर्ती लवकरच युरोपभर पसरली. रुग्णाला काही विचारण्यापूर्वी विद्यार्थ्याने त्याच्या त्वचेकडे नीट पाहावे, निदान करावे आणि त्यानंतरच रुग्णाची हकिकत ऐकावी, असा त्यांचा परिपाठ होता. हातावरील घट्टे, डाग आणि जखमा पाहून ते रुग्णाचा व्यवसायही ओळखीत. त्यांचा विनोदी स्वभाव आणि सोपी भाषा यांमुळे वर्ग परदेशी डॉक्टरांनी भरून जात असे.

प्रत्येक रोगाचा रुग्ण प्रत्येक वेळी हजर असेलच असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १८५६ ते १८७६ या काळात त्यांचा त्वचारोगांचा चित्रसंग्रह हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाला. त्यातील रंगीत चित्रे आंटोन एल्फिंगर आणि कार्ल हाइट्झमान यांनी काढली. हे दोघे स्वतः डॉक्टरच होते. हेब्रा यांचा त्वचारोगांवरील मोठा ग्रंथ १८६० पासून प्रसिद्ध होऊ लागला. लंडनच्या न्यू सिडनहॅम सोसायटीने १८६६ पासून त्याचे इंग्रजी भाषांतर पाच खंडांत काढल्याने तो इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचला. भाजलेल्या किंवा अंगभर फोड आलेल्या रुग्णांना दिवसचे दिवस कोमट पाण्यात ठेवण्याची 'पाण्याची खाट' ही हेब्रा यांचीच देणगी.

नव्या विचाराच्या पाठीशी उभे राहण्याची त्यांची वृत्ती आणखी एका प्रसंगी दिसली. बाळंतिणींच्या तापाने होणारे मृत्यू डॉक्टरांनी हात धुतल्यास टळतात, हा इग्नाझ झेमेलवाइस यांचा शोध प्रथम छापून आला तो डिसेंबर १८४७ मध्ये, हेब्रा संपादक असलेल्या नियतकालिकात आणि हेब्रा यांच्याच लेखणीतून. देवीच्या लशीचा शोध लावणाऱ्या जेन्नर यांच्या कार्याशी त्यांनी या शोधाची तुलना केली होती.

हेब्रा यांच्या भूमिकेला एक मर्यादाही होती. 'सर्व काही रक्तातून येते' या जुन्या मताचा त्यांनी इतका कडाडून विरोध केला की, शरीराच्या अंतर्गत बिघाडाचे त्वचेवर होणारे परिणाम त्यांच्या शिकवणीत काहीसे मागे पडले. ही बाजू पुढील पिढ्यांनी भरून काढली.

शिष्यांचा विस्तार

हेब्रा यांचे ५ ऑगस्ट १८८० रोजी निधन झाले. त्यांच्या जागी आले ते त्यांचे शिष्य आणि जावई मोरिट्झ कापोसी. हंगेरीतील कापोश्वार या गावी १८३७ मध्ये एका गरीब ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव मोरिट्झ कोन. हेब्रा यांच्या कन्येशी विवाह करताना त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि १८७१ मध्ये आपल्या जन्मगावावरून 'कापोसी' हे आडनाव घेतले.

कापोसी यांनी १८७२ मध्ये त्वचेवर जांभळट गाठी येणाऱ्या एका दुर्मीळ रोगाचे वर्णन केले. अवघ्या पाच रुग्णांवर आधारलेला हा लेख शंभर वर्षे केवळ तज्ज्ञांनाच ठाऊक होता. जुलै १९८१ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया येथील तरुण पुरुषांत हाच रोग आढळल्याची बातमी आली आणि 'कापोसी सार्कोमा' हे नाव जगभर पोहोचले. एड्स या नव्या महासाथीची ती पहिल्या खुणांपैकी एक होती. या गाठींमागील विषाणू १९९४ मध्ये सापडला. काळजीपूर्वक पाहून लिहून ठेवलेले वर्णन किती काळ उपयोगी पडते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. सूर्यप्रकाश सहन न होणाऱ्या झेरोडर्मा पिग्मेंटोझम या आनुवंशिक विकाराचे पहिले वर्णनही कापोसी यांचेच.

सिफिलिस क्लिनिकात १८८१ मध्ये सिग्मुंड यांच्यानंतर इसिडोर नॉयमान आले. तेही मोराव्हियातील ज्यू कुटुंबातून आलेले आणि हेब्रा यांचे शिष्य. याच परंपरेतील हाइन्रिख आउस्पिट्झ आणि फिलिप योसेफ पिक यांनी १८६९ मध्ये त्वचारोग व सिफिलिस या दोन्ही विषयांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. पुढे पिक यांनी प्रागमध्ये हा विषय उभा केला, व्हिएन्नात शिकून गेलेले पॉल गेर्सन उना यांनी हॅम्बुर्गमध्ये, तर लुई ड्युरिंग यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फियात. त्वचारोगतज्ज्ञांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद १८९२ मध्ये भरली ती व्हिएन्नात.

याच सुमारास अध्यापनाला एक नवे साधन मिळाले. कार्ल हेनिंग यांनी रुग्णाच्या त्वचेवरून साचा घेऊन मेणाच्या हुबेहूब रंगीत प्रतिकृती तयार करण्याचे काम व्हिएन्नात सुरू केले. रंगीत छायाचित्रण सुलभ होईपर्यंत विद्यार्थी या प्रतिकृतींवरूनच दुर्मीळ रोग ओळखण्यास शिकत.

प्रयोगशाळेचे आगमन

कापोसी यांच्या १९०२ मधील निधनानंतर गुस्ताव रील यांच्याकडे त्वचारोग क्लिनिक आले, तर नॉयमान यांच्यानंतर १९०४ मध्ये अर्न्स्ट फिंगर यांनी सिफिलिस क्लिनिकाची सूत्रे घेतली. या दोघांच्या काळात विषयाचे स्वरूप पालटले. उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमान यांना दिसला. पुढच्याच वर्षी रक्ताची वासरमान तपासणी आली. व्हिएन्नात कार्ल लांडश्टाइनर आणि व्हिक्टर मुखा यांनी १९०६ मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर जंतू चमकताना दाखविणारी सूक्ष्मदर्शक पद्धत उपदंशाच्या निदानासाठी वापरात आणली. रक्तगटांचा शोध लावणारे लांडश्टाइनर ते हेच. पाठोपाठ १९१० मध्ये पॉल एर्लिख यांचे साल्व्हारसान हे औषध आले. केवळ डोळ्यांनी पाहून शिकण्याचा विषय आता सूक्ष्मदर्शक आणि परीक्षानळी यांच्या साहाय्याने शिकविला जाऊ लागला.

उपदंश मेंदूपर्यंत गेल्यावर होणाऱ्या वेडावर मलेरियाचा ताप आणून उपचार करण्याची पद्धत युलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये व्हिएन्नातच सुरू केली. ते मनोविकारांचे प्राध्यापक होते. त्यांना १९२७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन्ही विषयांतील भिंतही या काळात विरघळू लागली. उपदंशाला 'बहुरूपी' म्हणतात. कारण तो त्वचेवर जवळजवळ कोणत्याही रोगाचे रूप घेऊ शकतो. त्वचा न जाणणाऱ्यास उपदंश ओळखता येत नाही आणि उपदंश न जाणणाऱ्याचे त्वचेचे निदान चुकते. त्यामुळे दोन क्लिनिक वेगळी राहिली, तरी दोहोंत दोन्ही विषय शिकविले जाऊ लागले. आपल्या रुग्णालयातील त्या जोडपाटीचे उत्तर येथे मिळते.

मार्च १९३८

हिटलरच्या फौजा १२ मार्च १९३८ रोजी ऑस्ट्रियात शिरल्या. व्हिएन्नाच्या वैद्यकविद्याशाखेचे अधिष्ठातापद नाझी पक्षाचे सदस्य असलेले शरीररचनाशास्त्रज्ञ एडुआर्ड पेर्नकोफ यांच्याकडे गेले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत विद्याशाखेतील निम्म्याहून अधिक अध्यापकांना काढून टाकण्यात आले. बहुतेकांचा अपराध एकच होता : ते ज्यू होते, अथवा त्यांचे आई-वडील किंवा आजी-आजोबा ज्यू होते.

त्वचारोग व गुप्तरोग या विषयांवर हा घाव विशेष खोल बसला. जुन्या, प्रतिष्ठित विषयांत ज्यू डॉक्टरांना सहसा शिरकाव मिळत नसे. त्यामुळे त्यांतील अनेक गुणवंत या नव्या, कमी मानल्या जाणाऱ्या विषयाकडे वळले होते. ज्या उपेक्षेमुळे या विषयाला कापोसी आणि नॉयमान मिळाले, त्याच उपेक्षेच्या मार्गाने आलेल्या त्यांच्या वारसांना आता बाहेर काढण्यात आले. व्यवसायजन्य त्वचारोगांचे जाणकार मोरिट्झ ओपेनहाइम अमेरिकेत शिकागोला गेले आणि १९४९ मध्ये तेथेच वारले. ॲलर्जी आणि चयापचय यांचा त्वचेशी असलेला संबंध उलगडणारे एरिख उर्बाख फिलाडेल्फियात पोहोचले. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. मधुमेहींच्या पायांवर उठणाऱ्या नेक्रोबायोसिस लिपॉइडिका या विकाराची ओळख या दोघांनीच करून दिली होती. पहिल्या क्लिनिकाचे प्रमुख लिओपोल्ड आर्ट्झ यांनाही नव्या राजवटीने पदावरून दूर केले.

इमारती तशाच राहिल्या. चित्रसंग्रह, मेणाच्या प्रतिकृती, ग्रंथालय सारे जागेवर होते. फक्त ते समजावून सांगणारी माणसे नव्हती. हेब्रा यांच्या वर्गापासून गुरूकडून शिष्याकडे चालत आलेले ज्ञान आता अमेरिका, इंग्लंड आणि पॅलेस्टाइन येथे विखुरले. महायुद्धानंतर १९४५ मध्ये आर्ट्झ यांना पद परत मिळाले; परंतु गेलेल्यांपैकी फारच थोडे परतले. जगभरचे डॉक्टर ज्या व्हिएन्नाला शिकण्यासाठी जात, त्या व्हिएन्नाचे ते स्थान अमेरिकेकडे गेले.

एकत्रीकरण आणि नवी सुरुवात

पेनिसिलिनने उपदंश बरा होतो, हे १९४३ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. त्यानंतर ज्या रोगासाठी सिग्मुंड यांनी स्वतंत्र क्लिनिक उभे केले होते, त्याच्या रुग्णांनी भरलेले वॉर्ड रिकामे होऊ लागले. व्हिएन्नातील दोन क्लिनिक पुढे अनेक वर्षे वेगळी राहिली, तरी त्यामागचे कारण उरले नव्हते. पहिल्या क्लिनिकाचे प्रमुखपद १९८१ पासून सांभाळणारे क्लाउस वोल्फ यांच्या काळात त्वचेचे प्रतिकारशास्त्र आणि प्रकाशोपचार या क्षेत्रांत व्हिएन्नाचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नव्या रुग्णालयसंकुलात दोन्ही क्लिनिक एकाच छत्राखाली आली. १ जानेवारी २००४ रोजी वैद्यकविद्याशाखा व्हिएन्ना विद्यापीठातून वेगळी होऊन स्वतंत्र वैद्यकीय विद्यापीठ अस्तित्वात आले.

भारतातील जोडविषय

भारतातील वैद्यकीय शिक्षण इंग्रजी वळणाने घडले. तथापि, या विषयात भारताने इंग्लंडचा मार्ग धरला नाही, ही लक्षणीय बाब होय. इंग्लंडमध्ये शाही आयोगाच्या १९१६ मधील अहवालानंतर गुप्तरोगांसाठी मोफत व गोपनीय दवाखाने निघाले आणि तो विषय त्वचारोगांपासून वेगळा वाढला. भारतात मात्र मध्य युरोपप्रमाणे दोन्ही विषय एकत्रच राहिले. डॉ. यू. बी. नारायणराव यांनी १९३५ मध्ये मुंबईतून गुप्तरोगांवरील नियतकालिक सुरू केले. पुढे त्याच्या नावात त्वचारोगांची, आणि १९७०च्या दशकात कुष्ठरोगाचीही भर पडली. आज या विषयातील पदव्युत्तर पदवीचे नावच 'त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग' असे आहे. तिसरा शब्द भारताच्या गरजेतून आला. कुष्ठरोगाची पहिली खूण बहुधा त्वचेवरील बधिर चट्ट्याच्या रूपाने दिसते आणि ती ओळखणारा डॉक्टर त्वचेचाच असावा लागतो.

या तिन्ही रोगवर्गांत एक गोष्ट समान आहे : रोगापेक्षा लाज मोठी असते. रुग्ण उशिरा येतो, खोटे नाव सांगतो किंवा येतच नाही. १८४०च्या दशकात श्कोडा यांच्या विभागालगतच्या खोल्यांत पडून असलेल्या रुग्णांची अवस्था याहून निराळी नव्हती. तेथे पहिला बदल झाला, तो एका तरुण डॉक्टरने त्या रुग्णांकडे नीट पाहण्याचे ठरविले म्हणून. औषधे त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

खरूज आजही गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. दाटीवाटीच्या वस्त्या, वसतिगृहे, आश्रमशाळा येथे ती अद्याप घर करून आहे. तिचे कारण आणि उपाय १८४४ पासून ठाऊक आहेत. ते प्रत्येक नव्या डॉक्टरला नव्याने शिकवावे लागतात आणि त्यासाठी शिकविणारी माणसे जागेवर असावी लागतात, हाच व्हिएन्नाच्या या इतिहासाचा धडा होय.